टेकडीच्या सावलीतले रंग

पणजीच्या फोंतेन्हासमध्ये सावली लवकर उतरते. पश्चिमेला आल्तिनोची टेकडी, पूर्वेला उरेंची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ही वस्ती. दुपार कलली की सूर्य टेकडीआड जातो, पण डोक्यावरचे आकाश बराच वेळ लख्ख राहते. गल्ल्यांमधले बारीकसारीक रंग टिपायचे असतील तर ही वेळ गाठावी. सकाळच्या उन्हात पिवळ्या भिंतीचा उजळ भाग पांढराफटक पडतो आणि वळचणीखाली नुसता काळोख दिसतो. सावलीत मात्र गिलाव्याचे पोपडे, खिडकीच्या फळीवर एकावर एक चढलेले जुने रंग, कठड्याच्या लोखंडाला धरलेला गंज, सगळे एकाच नजरेत मावते.

या घरांचे रंग मुळात चुन्यातले. चुन्यात काव घातली की तांबडा, पिवडी घातली की पिवळा, नीळ घातली की निळा. पोर्तुगीज अमलात पावसाळा सरला की घरे रंगवायची रीत होती आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला, असे इथे सांगतात. सेंट सेबॅस्टियनचे चॅपेल आजही पांढरे आहे. घरांवर पांढरा दिसतो तो दारा-खिडक्यांच्या चौकटींभोवतीच्या पट्ट्यांत. आता डबाबंद रंगही आले. फोटोत फरक पटकन कळतो: चुना प्रकाश पिऊन घेतो, तेलरंगाची फळी तो परत फेकते.

अशा कामाला खिशात मावणारा झूम कॅमेरा बरा. २०१२ साली आलेला सोनीचा आरएक्स१०० हे त्याचे चांगले उदाहरण. त्याचा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे फुल-फ्रेमच्या जेमतेम सातव्या हिश्श्याचा. झूम २८ ते १०० मिलिमीटरच्या तोडीचा. रुंद टोकाला अ‍ॅपर्चर एफ/१.८ पर्यंत उघडते, लांब टोकाला मात्र एफ/४.९ वर अडते. झूम पूर्ण ओढला की आत येणारा प्रकाश जवळजवळ सातपट घटतो. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत प्रकाश आधीच कडक उन्हाच्या एक अष्टमांश असतो, अरुंद बोळात त्याहूनही कमी. आयएसओ १०० वर हट्ट धरला तर शटर सेकंदाच्या चाळिसाव्या भागापर्यंत घसरते. कॅमेऱ्यातले स्थिरीकरण हाताची थरथर सांभाळते, वाऱ्याने हलणारा पडदा नाही. आयएसओ ४०० केला की काम भागते. थोडे दाणे दिसले तर दिसू द्यावेत. हललेल्या फोटोवर मात्र इलाज नाही.

तरीही लांब टोकाचा मोह सोडू नये. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रंगीत फोटो काढणारा सॉल लायटर लांब पल्ल्याच्या लेन्सने रस्त्याचा एखादा तुकडाच उचलायचा. फोंतेन्हासमध्येही तेच करावे लागते. अख्खे घर घेतले की विजेच्या तारा, उभ्या स्कूटर, पाण्याच्या टाक्या सगळे चौकटीत घुसते. निळ्या दाराची कडी आणि तिच्यामागची काव एवढेच घेतले की दोन रंग समोरासमोर उभे राहतात.

खरी कसोटी लागते ती रंगाचा खरेपणा राखताना. सावलीत थेट सूर्य नसतो, प्रकाश येतो निळ्या आकाशातून. उन्हाचे रंगतापमान साडेपाच हजार केल्विनच्या आसपास असते, सावलीचे सात-आठ हजारांपर्यंत चढते. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवला तर कॅमेरा दर फोटोला नवा अंदाज बांधतो. पिवळ्या भिंतीपुढे तो पिवळाच कमी करतो. म्हणून ‘शेड’ निवडावे. त्याहून चांगले म्हणजे राखाडी कार्ड त्याच सावलीत धरून व्हाइट बॅलन्स ठरवावा.

एवढे करूनही समोरची भिंत घात करते. ‘३१ जानेवारी’ नावाच्या रस्त्यालगतच्या बोळांत घरे इतकी जवळ आहेत की पलीकडच्या भिंतीवर ऊन पडले की तिचा रंग अलीकडच्या सावलीत सांडतो. पांढरी चौकट हळद लागल्यासारखी दिसते. कार्ड एका दारापाशी धरून चालत नाही, दहा पावलांवर पुन्हा धरावे लागते. हा सांडलेला रंग सगळाच पुसू नये, असे मात्र वाटते. तोही त्या गल्लीचाच आहे.

घरक्रमांकाची एखादी आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीची झिलईदार फरशी घ्या: पांढरी झिलई, निळे आकडे, भोवती तडकलेला गिलावा. समोर उभे राहिले की झिलईत आकाशाचा चकाकता डाग पडतो आणि आकड्याची कड विरते. अर्धे पाऊल बाजूला सरकले, कॅमेरा जरा खाली आणला की डाग फरशीवरून सरकत बाहेर जातो. पोलरायझर असेल तर आणखी बरे, पण तो आणखी प्रकाश खातो. लांब टोकाला हा कॅमेरा ५५ सेंटिमीटरच्या आत फोकस घेत नाही, तेवढे अंतर ठेवावेच लागते. एक्स्पोजरही हाताने सावरावे. पांढऱ्या फरशीने चौकट भरली की कॅमेरा ती राखाडी करतो, तिथे थोडे वाढवावे. कावेच्या भिंतीवर उलट कमी करावे. तिथे एकूण प्रकाशाचा आलेख (हिस्टोग्राम) सुरक्षित दिसतो, पण लाल वाहिनी आधीच भरून गेलेली असते आणि भिंतीचा पोत सपाट होतो. फाइल रॉ असेल तर यातले बरेच नंतर सुधारता येते, भरून गेलेला लाल मात्र परत मिळत नाही.

या भिंतींमागे माणसे राहतात. पायरीवर चढून, खिडकीत डोकावून फोटो काढणाऱ्यांना इथले लोक कंटाळले आहेत आणि काही घरांवर तशा पाट्याही आहेत. कॅमेरा लहान आहे म्हणून गुपचूप काढावा, हे मनाला पटत नाही. दारात कुणी असेल तर ‘बाय, ह्या दाराचो फोटो काडूं?’ असे विचारायला काय लागते? नकार आला तर पुढचे दार आहेच.

दिवे लागेपर्यंतच हे काम चालते. वळचणीखालचा पिवळा बल्ब पेटला की एकाच भिंतीवर दोन प्रकाश येतात: वरून आकाशाचा निळा, खालून बल्बचा तांबूस. त्या भिंतीला एकच व्हाइट बॅलन्स बसत नाही. मग बल्ब नसलेला बोळ शोधायचा, नाहीतर कॅमेरा बंद करून खाडीकडे चालू लागायचे.