संप सगळ्यांचा, शिक्षा एकेकट्याला
(लेखमाला : कामगार आणि कायदा – भाग ७)

मागच्या आठवड्यात आपण मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांपाशी थांबलो होतो. कामगारांना संघटित केले म्हणून मालकांनी बी. पी. वाडियांना कोर्टात खेचले आणि त्या प्रकरणाच्या धक्क्यातून पुढे १९२६चा ट्रेड युनियन कायदा झाला. मालकाविरुद्ध एकत्र येऊन ठरवणे म्हणजे गुन्हेगारी कट नव्हे, एवढे त्या कायद्याने पदरात टाकले. कलम १७ने फौजदारी कटाच्या आरोपापासून संरक्षण दिले, कलम १८ने दिवाणी दाव्यापासून. संपावर गेलेल्या माणसाची नोकरी शाबूत राहील, असे मात्र त्यात कुठेही म्हटलेले नाही. पुढे १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगून टाकले की, संघटना स्थापन करणे हा मूलभूत हक्क आहे, संप करणे नाही.

या फटीतून काय काय निसटते ते पाहायचे, तर २०२१-२२चा एसटीचा संप घ्यावा लागतो.

टाळेबंदीच्या काळात गाड्या उभ्या राहिल्या, महामंडळाची तिजोरी आटली आणि पगार लांबू लागले. कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक येत होत्या. संघटनांच्या कृती समितीने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी उपोषण सुरू केले. दुसऱ्याच दिवशी परिवहनमंत्री अनिल परब यांच्याशी बोलणी होऊन महागाई भत्ता २८ टक्के करण्यावर तडजोड झाली आणि नेत्यांनी उपोषण सोडले. आगारांतल्या चालक-वाहकांनी मात्र गाड्या काढल्या नाहीत. त्यांना आता एकच मागणी दिसत होती : महामंडळाचे राज्य सरकारात विलीनीकरण. दिवाळीत संप पसरत गेला आणि ८ नोव्हेंबरच्या सुमारास राज्यातली अडीचशे आगारे जवळपास ठप्प झाली. कर्मचारी होते सुमारे ९२ हजार.

म्हणजे कामगार संपावर आणि त्यांच्या संघटना संपाबाहेर. कायद्याच्या नजरेत याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त संघटनांसाठी १९७१चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या कलम २४प्रमाणे ठरलेल्या नमुन्यात नोटीस देऊन चौदा दिवस थांबल्याशिवाय केलेला संप बेकायदा. शिवाय जिथे मान्यताप्राप्त संघटना आहे, तिथे नोटिशीआधी तिच्या बहुसंख्य सभासदांनी संपाच्या बाजूने मत दिलेले असले पाहिजे. ज्यांचा आपल्याच संघटनेवरचा विश्वास उडाला आहे, त्यांनी हे मतदान कुठे आणि कसे घ्यायचे, याचे उत्तर कायदा देत नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. संपाचा अधिकार जो काही आहे तो संघटनेच्या हातात, आणि संपाची किंमत मात्र ज्याच्या त्याच्या खिशातून.

संपकऱ्यांनी यावर एक वाट काढून पाहिली. आम्ही संपावर नाही, मेलेल्या सहकाऱ्यांच्या दुखवट्यात आहोत, असे ते म्हणू लागले. भावनेच्या अंगाने ते कुणालाही भिडेल. पण मिळून काम थांबवले की कायदा त्याला संपच म्हणतो, मग फलकावर काहीही लिहा. उच्च न्यायालयाने संपाला मनाई केलेली होतीच. त्यात अवमानाच्या याचिकेची भर पडली.

आता शिक्षेकडे वळू. बेकायदा संपासाठी १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराला एक महिन्यापर्यंत कैद किंवा पन्नास रुपयांपर्यंत दंड होता. पन्नास रुपयांना कोण भितो? खरी भीती सेवानियमांची असते. निलंबन, दूरच्या विभागात बदली, आरोपपत्र, बडतर्फी, आणि रोजंदारीवर असाल तर सरळ सेवासमाप्ती. पगाराचे तर विचारूच नका. ‘काम नाही, दाम नाही’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्ये बँकेच्याच एका खटल्यात पक्के केले होते. त्याच्याही पुढे जाऊन १९३६च्या वेतन प्रदान कायद्यात अशी सोय होती की, दहा किंवा जास्त कामगार पूर्वसूचनेविना संगनमताने गैरहजर राहिले, तर मालकाला आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता यावा.

या संपात निलंबितांचा आकडा दहा हजारांच्या वर गेला आणि पुढे हजारोंवर बडतर्फीची कारवाई झाली. ही कुऱ्हाड सगळ्यांवर सारख्या जोराने पडत नाही. जून २०१८च्या दोन दिवसांच्या अचानक संपानंतर महामंडळाने नव्याने भरती झालेल्या हजारभर कर्मचाऱ्यांना घरी पाठवले होते. वीस वर्षे गाडी चालवलेल्याला काढायचे तर रीतसर चौकशी लागते, नव्याला काढायला एक पत्र पुरते. नवा माणूस दुसऱ्यांदा संपात उतरताना दहादा विचार करतो.

मध्यंतरी, २४ नोव्हेंबरला, सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना पाच हजार, दहा ते वीस वर्षांच्यांना चार हजार आणि वीसच्या पुढच्यांना अडीच हजार रुपये. एसटीच्या इतिहासात एवढी वाढ एका फटक्यात क्वचितच मिळाली असेल. संपकऱ्यांसोबत आझाद मैदानात बसलेले आमदार गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत बाजूला झाले. कामगारांचा मोठा भाग मात्र वकील गुणरत्न सदावर्ते यांच्यामागे विलीनीकरणासाठी अडून राहिला. वाढ पदरात पाडून घेऊन तेव्हाच परतायला हवे होते, असे मला वाटते. नोव्हेंबरनंतर वाटाघाटी करणारे फारसे कोणी उरले नाही. आणि विलीनीकरणाची एक बाजू मैदानात फारशी कुणी सांगितली नाही : सरकारी कर्मचारी झालात की वर्तणूक नियमांत संपाला जागा नाही. तमिळनाडूत २००३मध्ये लाखाहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांना संपाबद्दल बडतर्फ केले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यांना संपाचा कायदेशीर तर नाहीच, नैतिक अधिकारही नाही असे बजावले होते. (तरीही महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी मार्च २०२३मध्ये जुन्या पेन्शनसाठी संपावर गेलेच, हा भाग वेगळा.)

मुख्य सचिवांच्या समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल दिला. ७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाने कामगारांना २२ एप्रिलपर्यंत रुजू व्हायला सांगितले आणि केवळ संपात होते म्हणून कुणाची रोजीरोटी हिरावून घेऊ नका, असे महामंडळालाही सांगितले. दुसऱ्याच दिवशी मुंबईत शरद पवारांच्या ‘सिल्व्हर ओक’ या घरावर संपकऱ्यांचा जमाव चालून गेला. शंभराहून अधिक जणांना अटक झाली, सदावर्तेही त्यात होते. अशा वेळी १९५९चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आठवावा. संप बेकायदा असला, तरी निमूटपणे सामील झालेला आणि अडवणूक वा हिंसा केलेला, या दोघांना शिक्षा देताना एकाच मापाने मोजू नका, असे त्यात आहे. आगारात बसून राहिलेल्या वाहकाचा सारा आधार या निकालात आहे.

हा आधार सरकारे किती सहज झटकू शकतात ते तेलंगणात दिसले. ऑक्टोबर २०१९मध्ये तिथल्या आरटीसीचे, म्हणजे राज्य परिवहन महामंडळाचे, सुमारे ४८ हजार कर्मचारी संपावर गेले, तेव्हा मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी मुदत दिली आणि ती टळताच जाहीर केले की, न आलेल्यांनी स्वतःच स्वतःला काढून टाकले आहे. आरोपपत्र नाही, चौकशी नाही. असा प्रकार कोणत्याही कामगार कायद्यात नाही. ५२ दिवसांनी संघटनांनी संप मागे घेतला, तरी आधी दारे बंदच होती. मग काही दिवसांनी त्याच मुख्यमंत्र्यांनी सगळ्यांना परत घेतले आणि २०२३मध्ये त्यांच्याच सरकारने कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत सामावून घेण्याचा कायदा केला.

एसटी बंद पडली की गावातल्या मुलीचे कॉलेज बुडते, म्हाताऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात जाता येत नाही. प्रवाशाचा राग खोटा नाही. पण त्यावर उपाय म्हणजे संपकाळात ठरावीक किमान फेऱ्या चालू ठेवणे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या समित्याही, वाहतुकीला जीव आणि आरोग्याच्या सेवांच्या पंक्तीत न बसवता, हाच मार्ग सुचवतात. मात्र तिच्याच संघटनास्वातंत्र्याच्या ८७ आणि ९८ क्रमांकाच्या करारांना भारताने अजून मान्यता दिलेली नाही.

सप्टेंबर २०२४मध्ये एसटी पुन्हा थांबली, गणपती तोंडावर असताना. या वेळी संघटनांची कृती समिती पुढे होती, बोलणी झाली आणि दोन दिवसांत मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ घेऊन गाड्या सुटल्या. मात्र २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. चौदा दिवसांच्या नोटिशीची अट आता सर्वच आस्थापनांना आहे, निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संप धरला जातो, आणि पन्नास रुपयांचा दंड एक हजार ते दहा हजारांवर गेला आहे. बोलणी कोण करणार तेही त्यात नव्याने ठरते : ५१ टक्के सभासद असलेली संघटना. ती ५१ टक्के मोजायची कशी आणि उरलेल्या ४९चे काय, ते पुढच्या भागात.