सायकल, वळण आणि अस्वल

सायकल धूर सोडत नाही, आवाज करत नाही. मग नागझिऱ्याच्या रानातून ती फिरवायला हरकत काय, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. गोंदिया जिल्ह्यातले हे रान १९७० साली अभयारण्य झाले. २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू आणि या प्रश्नाकडे गणिताने पाहू.

नागझिऱ्यात वाघ, बिबट्या, गवा आहेत. आपण अस्वल घेऊ. त्याचे नाक तिखट, पण नजर व कान बेताचेच. वारूळ उकरून वाळवी ओढताना ते स्वतःच मोठा आवाज करते. त्यामुळे माणूस जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. आणि अगदी जवळून दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अनेकदा अंगावर येते.

समजा, वळणापलीकडे १५ मीटरवर अस्वल आहे. ताशी ५ किलोमीटरने चालणारा माणूस सेकंदाला १.४ मीटर जातो. तिथे पोचायला त्याला सुमारे ११ सेकंद लागतील. तेवढ्यात दोघांनाही एकमेकांची चाहूल लागू शकते. ताशी २५ किलोमीटरने येणारी सायकल सेकंदाला ७ मीटर जाते. ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद, म्हणजे ७ मीटर गेले. मुरमाड वाटेवर वेग सेकंदाला ३ मीटर/सेकंद इतका कमी होतो असे धरले, तर थांबायला आणखी सुमारे ८ मीटर लागतात. बेरीज १५! सायकल थांबते ती नेमकी अस्वलापाशी.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. २०१६ साली अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळच्या जंगलात, एक सायकलस्वार वेगात ग्रिझली अस्वलावर आदळला आणि प्राणास मुकला.

आता वेग निम्मा करा. पहिल्या सेकंदाचे अंतर निम्मे होते, पण ब्रेकचे अंतर चौथाई होते. एकूण साडेपाच मीटर! म्हणून पिटेझरी, चोरखमारा अशा रानालगतच्या गावांत सायकल चालवणाऱ्यांनी वळणाआधी वेग कमी करावा, घंटी वाजवावी. मोहफुले वेचायला पहाटे जाणाऱ्यांनी बोलत चालावे.

शाळेच्या मैदानावर टेप आणि घड्याळ घेऊन मुलांकडून ही अंतरे मोजून घ्या. सायकलचा जो शांतपणा आपल्याला गुण वाटतो, तोच रानात धोका कसा होतो, हे त्यांना आपोआप कळेल.