विश्लेषण : कॅम्पिंगमध्ये उन्हावर अंघोळीचे पाणी किती वेळात तापते?

थंडी सुरू झाली की पवना, भंडारदरा परिसरात तंबूत मुक्कामाला जाणाऱ्यांची गर्दी वाढते. अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटते आणि आसपासचे लाकूड गोळा केले जाते. हेच काम बाजारात मिळणारी ‘सोलर शॉवर’ पिशवी उन्हावर करू शकते. मात्र अंघोळीची वेळ उन्हाच्या सोयीने ठरवावी लागते.

पिशवी काम कशी करते?

ही साधारण २० लिटरची जाड प्लास्टिकची पिशवी असते. काळा पृष्ठभाग ऊन शोषून आतील पाण्याला उष्णता देतो. खाली नळी आणि छोटा शॉवर असतो. पिशवी उंचावर टांगली की पाणी आपोआप खाली येते. पंप किंवा वीज लागत नाही.

किती वेळ लागतो?

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. २० लिटर पाणी १८ अंशांवरून ४० अंशांवर न्यायचे, तर ती सुमारे १,८५० किलोज्यूल, म्हणजे विजेचे अर्धे युनिट होते. भरदुपारी सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण १,००० वॅट ऊन पडते. ४० बाय ५० सेंटिमीटरच्या पिशवीच्या वाट्याला त्यातले २०० वॅट येतात. परावर्तन, वारा आणि सकाळचे तिरपे ऊन यांची वजावट करून १०० वॅट हाती लागले, तर पाच तास लागतील. १० लिटरच पाणी भरले, तर वेळ जवळपास निम्मा होतो.

लाकूड किती वाचते?

तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडातील जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे एवढ्याच पाण्याला सुमारे एक किलो सुके लाकूड लागते. दहा जणांच्या गटाने प्रत्येकी एवढे पाणी तापवले, तर रोज दहा किलो!

पिशवी कशी ठेवावी?

डिसेंबरमध्ये महाराष्ट्रात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. सपाट ठेवलेल्या पिशवीला थेट उन्हाचा जवळपास पाव हिस्सा कमी मिळतो. म्हणून ती दक्षिणेकडे तोंड करून दगडाला तिरपी टेकवावी. खाली चटई किंवा पुठ्ठा घातल्यास उष्णता जमिनीत जात नाही. वाऱ्याला आडोसा करावा.

सकाळी गरम पाणी मिळेल का?

नाही. घराच्या गच्चीवरील सोलर यंत्रणेच्या टाकीला उष्णतारोधक आवरण असते, पिशवीला नसते. संध्याकाळपर्यंत तापलेले पाणी रात्री गार होते. सकाळी नऊला पिशवी उन्हात ठेवून दुपारी दोन-तीनला अंघोळ उरकणे सर्वात सोयीचे. सकाळी तोंड धुण्यापुरते हवे असेल, तर दुपारीच थोडे पाणी थर्मासमध्ये भरून ठेवावे.

काळजी कोणती?

एप्रिल-मेच्या उन्हात थोडेच भरलेले पाणी ५० अंशांच्या वर जाऊ शकते. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. त्यामुळे मुलांच्या अंगावर घेण्याआधी गार पाणी मिसळावे. भरलेली पिशवी २० किलोंहून जड होते, त्यामुळे टांगण्याआधी फांदी तपासावी. कोमट, साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात. हे पाणी पिऊ नये आणि वापरानंतर पिशवी रिकामी करून वाळवावी.

ऊन नसेल म्हणून बंद तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवणे जिवावर बेतू शकते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. साबणाची अंघोळ पाण्याच्या काठापासून किमान ६० मीटर दूर करावी. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात.