आकसलेलं फुप्फुस एकदम का फुगवत नाहीत?

माझ्या मामाच्या छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी दीड लिटर काढलं आणि नळी बंद केली. मामी म्हणाली, ‘अजून आहे ना आत, मग एकदाच काढून मोकळं का करत नाहीत?’ प्रश्न रास्त होता. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. पण उत्तर वाचलं आणि चक्रावलो.

आपण ‘फुप्फुसात पाणी’ म्हणतो, ते बहुतेक वेळा फुप्फुसाच्या बाहेर, त्याच्या आवरणात असतं. तिथे पाणी किंवा हवा साठली की फुप्फुस आकसतं. तीनेक दिवसांहून जास्त काळ तसंच राहिलं, की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात आणि वायुकोशांना उघडं ठेवणारा निसरडा थरही कमी होतो. अशा फुप्फुसाला सक्शन लावून झटक्यात फुगवलं, तर ताण बसतो, दाह होतो आणि वाहिन्यांतला द्रव पाझरून वायुकोशांत उतरतो. म्हणजे बघा, बाहेरचं पाणी काढलं आणि आत पाणी भरलं! बराच वेळ बंद असलेल्या सर्व्हरवर आम्ही सगळा ट्रॅफिक एकदम सोडत नाही, तसंच काहीसं.

हे नवीन नाही. छातीतून तीन लिटर पाणी काढल्यावर असं घडल्याची नोंद 1853 सालची आहे. प्रकार दुर्मीळ आहे, पण क्वचित जिवावर बेततो. आणि गंमत म्हणजे, धोका म्हाताऱ्यांपेक्षा विशी ते चाळिशीतल्यांना जास्त. उंच, सडपातळ तरुणांचं फुप्फुस अचानक फुटून हवा साठते, आणि पोरं ‘जिममध्ये स्नायू दुखावला असेल’ म्हणत चार दिवस काढतात. तेच चार दिवस नडतात.

म्हणून डॉक्टरांना दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते खरं सांगा, ‘कालपासून’ म्हणू नका. साधारण दीड लिटरला थांबतात, ते यासाठीच. पाणी काढताना खोकल्याची उबळ आली किंवा छाती आवळली, तर लाजून गप्प बसू नका, लगेच सांगा, तिथेच थांबवतात. त्रास बहुधा पहिल्या एक-दोन तासांत होतो, कधी चोवीस तासांपर्यंतही. धाप, गुलाबी फेसाळ कफ दिसला की नर्सला हाक मारा. उपचार म्हणजे ऑक्सिजन, गरज पडल्यास मास्कने दाबाखाली हवा, फारच झालं तर व्हेंटिलेटर. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत उतार पडतो.

मामाचं उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी काढलं.