दुखणे आणि दुखावणे : जुन्या वेदनेतील व्यायामाचा एक भाषिक विचार

मराठीत 'दुखणे' हे क्रियापद आहे, तसेच ते नामही आहे. परंतु दोहोंचा अर्थ सर्वस्वी एक नाही. 'कंबर दुखते' या वाक्यातील क्रियापद केवळ एका अनुभवाची नोंद करते. 'तो दुखण्यातून उठला' या वाक्यातील नाम मात्र आजाराचे वाचक आहे, आणि मोल्सवर्थच्या कोशातही (दुसरी आवृत्ती, १८५७) त्याला हा अर्थ दिलेला आहे. दुखणेकरी, दुखणाईत, दुखणे काढणे, दुखण्यातून उठणे या सर्व प्रयोगांच्या मागे अंथरुणाचे चित्र उभे असते. दुखणे आले की पडावे, ते गेले की उठावे, असा हा क्रम होय. मुदतीच्या तापासारख्या आजारांपुरता तो योग्यच होता. परंतु जी वेदना तीन महिन्यांहून अधिक काळ टिकते किंवा पुनःपुन्हा येते, तिला आजचे वैद्यक दीर्घकालीन वेदना म्हणते. आणि अशा वेदनेत 'दुखणे जाईल तेव्हा उठू' असे म्हणणाऱ्याचे उठणे पुष्कळदा लांबतच जाते. मग वेदना आणि रोग यांना एकाच शब्दात बांधणारी आपली भाषा या माणसाच्या कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न केवळ कोशकारांचा राहत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास दापोली तालुक्यातील हर्णे हे बंदर चांगले आहे. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, अलीकडे कनकदुर्गावरचे दीपगृह, आणि खाली वाळूवर मासळीचा लिलाव. या लिलावासाठी हर्णे प्रसिद्ध आहे. परंतु येणारा पाहुणा मासळी पाहतो, ती वाहणारी मान आणि कंबर त्याच्या दृष्टीस क्वचितच पडते. डोक्यावर चुंबळ आणि तीवर ओली, जड पाटी घेऊन स्त्रिया मऊ वाळूतून चढण चढतात. उकिडव्या बसून तासन् तास मासळी निवडतात. पुरुष जाळी ओढतात आणि वाकून ती तुणतात. येथे कंबर, गुडघे आणि खांदे दुखणे ही वार्ता नव्हे. अशा माणसास 'थोडा व्यायाम सुरू करा' असे सांगितले, तर तो हसतो, आणि त्याचे हसणे अगदी वाजवी आहे. दिवसभर अंग मोडून काम करणाऱ्यास आणखी व्यायाम कशाला?

उत्तर 'कष्ट' आणि 'व्यायाम' या शब्दांतील भेदात आहे. कष्टाचे प्रमाण शरीर ठरवीत नाही; ते त्या दिवशी आलेली मासळी, लिलावाची वेळ आणि घरची गरज ठरविते. एका दिवशी दहा पाट्या, दुसऱ्या दिवशी एकही नाही. व्यायामाचे प्रमाण मात्र करणाऱ्याने आधी ठरविलेले असते, आणि तो आज एवढा, पुढील आठवड्यात किंचित अधिक, असा क्रमाने वाढविता येतो. दोहोंत स्नायू तेच राबतात, पण मोजमापाची सत्ता बदलते. जुन्या वेदनेत हीच गोष्ट निर्णायक ठरते. ती कशी, हे पाहण्यासाठी पुन्हा एका क्रियापदाकडे वळावे लागेल.

'दुखणे'च्या शेजारी मराठीत 'दुखावणे' आहे. 'गुडघा दुखतो' आणि 'गुडघा दुखावला' ही दोन विधाने कोणीही मराठी भाषक एक समजणार नाही. पहिल्यात वेदना आहे. दुसऱ्यात इजा आहे, आणि बहुधा एखादी घटनाही आहे : पाय मुरगळला, पाटी अंगावर आली. वेदनाशास्त्राला हा भेद स्पष्ट शब्दांत मांडण्यास बराच काळ लागला. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली 'सायन्स' नियतकालिकात आपला द्वारनियंत्रणाचा सिद्धान्त मांडला. इजेचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जसाच्या तसा पोचत नाही. वाटेत तो कमी वा अधिक केला जातो, आणि मेंदूतून खाली येणाऱ्या संदेशांचाही त्यात भाग असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या सिद्धान्ताचा तपशील पुढे पुष्कळ बदलला, पण वेदना म्हणजे इजेचे सरळ मोजमाप नव्हे, हा त्याचा गाभा टिकून राहिला. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून असे दाखविले की इजेनंतर मज्जारज्जूतील चेतापेशीच अधिक संवेदनक्षम होतात. अशी स्थिती टिकून राहिली, तर एरवी निरुपद्रवी असणारी हालचालही दुखू लागते. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली. तीनुसार वेदना हा इजेशी, संभाव्य इजेशी निगडित असलेला किंवा तशा अनुभवासारखा भासणारा, संवेदना व भावना या दोन्ही अंगांचा अप्रिय अनुभव होय. थोडक्यात, दुखावलेले नसतानाही दुखू शकते, आणि तरीही ते दुखणे खरेच असते. हे शेवटचे वाक्य विसरून चालणार नाही. 'इजा नाही, म्हणजे मनाचे खेळ' असा निष्कर्ष काढणारे लोक डॉक्टरांतही भेटतात आणि नातेवाइकांतही.

'दुखावणे' या शब्दाने जे सावरले, ते दुसऱ्या काही शब्दांनी बिघडते. 'माझे गुडघे गेले', 'वाटी झिजली', 'गादी सरकली', 'मणक्यात गॅप आली' ही वाक्ये रुग्णांच्या तोंडी सर्रास ऐकू येतात. त्यांपैकी काही तर दवाखान्यातूनच घरी आलेली असतात. 'झिजणे' हे क्रियापद सहाण, जोडा आणि बिजागरी यांचे आहे. जी वस्तू वापराने झिजते ती जपून वापरावी, हा त्यातून निघणारा सरळ तर्क. आणि म्हणून गुडघेदुखीचा माणूस चालणे सोडतो. परंतु सांध्यातील कूर्चा ही बिजागरी नव्हे. ती जिवंत असून तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, आणि तिचे पोषण सांध्याच्या हालचालीवर बरेचसे अवलंबून असते. गुडघ्याच्या संधिवातावरील आजच्या मार्गदर्शिकांत व्यायामाला अग्रस्थान आहे, ते उगीच नव्हे. मणक्यांचेही तसेच. वेदना मुळीच नसलेल्या माणसांच्या मणक्यांच्या चित्रांचा जो एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील गाद्यांत ऱ्हासाची चिन्हे आढळली होती. केस पिकण्याला जसे आपण रोग म्हणत नाही, तसेच यांतील पुष्कळशा 'गॅप'विषयी म्हणता येईल.

आता मोजमापाकडे. आपल्याकडे व्यायामाचा सल्ला बहुधा 'झेपेल तेवढे करा' या शब्दांत दिला जातो. वाक्य सौजन्याचे आहे, परंतु त्यात प्रमाण ठरविण्याचे काम त्या क्षणीच्या वेदनेकडे सोपविलेले आहे. परिणाम ठरलेला : बऱ्या दिवशी माणूस साठलेली सर्व कामे उरकतो, पुढचे तीन दिवस पडून राहतो, आणि 'चाललो म्हणून दुखले' एवढेच त्याच्या मनात पक्के होते. पुढे भीतीने हालचाल कमी होते, स्नायू दुबळे होतात, आणि मग लहानसे कामही दुखविते. सिअ‍ॅटल येथील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात यावर जो उपाय मांडला तो व्याकरणाच्या भाषेत असा सांगता येईल की 'झेपेल तेवढे' याच्या जागी 'ठरविले तेवढे' हा प्रयोग रूढ करावा. आधी काही दिवस नुसते निरीक्षण करावे. समजा, दहा मिनिटे चालल्यावर दुसऱ्या दिवशी वेदना फारशी वाढत नाही. तर आरंभ सात-आठ मिनिटांपासून करावा. घड्याळ सांगेल तेव्हा थांबावे, वेदना सांगेल तेव्हा नव्हे. चांगल्या दिवशी अधिक करू नये. वाईट दिवशी थोडे कमी करावे, पण शून्यावर येऊ नये. वाढ आठवड्याला एखाद्या मिनिटाची पुरे.

मात्रेचा हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात व्यायाम मात्रेने करावा असे म्हटले आहे. सुश्रुताने तर निरोगी माणसालाही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला असून, अर्धी शक्ती संपल्याची खूण श्वासावरून दिली आहे. चालताना बोलता आले पाहिजे, ही आजची कसोटी तिच्यापासून फार दूर नाही. अर्थात यावरून प्राचीनांना दीर्घकालीन वेदनेचे आजचे शास्त्र ठाऊक होते असे म्हणणे हा निव्वळ अभिमान होईल.

व्यायामाने होते किती, हेही स्पष्ट असावे. २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने दीर्घकालीन वेदनेतील व्यायामावरील २१ आढाव्यांचा परामर्श घेतला. वेदनेत आणि हालचालीच्या क्षमतेत लहान ते मध्यम सुधारणा, पुराव्याचा दर्जा बेताचा, आणि अपाय थोडा, असा त्याचा सूर आहे. अपाय म्हणून प्रामुख्याने नोंदले गेले ते अंग दुखणे, आणि तेही काही आठवड्यांत ओसरणारे. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे : अंग 'आंबते'. सवय नसलेल्या श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारे हे आंबणे, शिणणे, भरून येणे यांना भिऊन थांबू नये. मेल्झॅक यांच्या १९७५ च्या प्रश्नावलीत वेदनेची ७८ विशेषणे २० गटांत मांडलेली आहेत. मराठीत हे काम विशेषणांपेक्षा नामे आणि क्रियापदेच अधिक करतात : ठणका, कळ, सणक, चमक, ठसठसणे, आखडणे, मुंग्या येणे. रुग्ण यांतील कोणता शब्द निवडतो, इकडे ऐकणाऱ्याने लक्ष द्यावे. मात्र पायातील शक्ती कमी होत जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी वा शौचावरील ताबा जाणे, ताप, अकारण वजन घटणे, छातीत कळ, किंवा पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना, यांपैकी काही असेल तर व्यायामाचा विचार बाजूस ठेवून प्रथम डॉक्टरांकडे जावे.

हर्णेत हे सारे कसे बसवावे? किनारा समोर असला तरी आरंभ वाळूवर करू नये. मऊ वाळूत पाय रुततो आणि श्रम वाढतात. ओली, घट्ट वाळू चांगली, पण भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने ती ठरलेल्या वेळी मिळेलच असे नाही. त्यापेक्षा गावातला सपाट रस्ता बरा. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीची बंदी असते. दोन महिने ओढण्याचे काम थांबते आणि ऑगस्टात ते एकदम अंगावर येते. जुन्या कंबरदुखीच्या खलाशाने या दोन महिन्यांत रोज ठरलेले चालणे आणि खुर्चीवरून हात न टेकता पाचसहा वेळा उठणे-बसणे चालू ठेवले, तर पहिल्या फेरीचा भार त्याला तुलनेने कमी नवा वाटेल. स्त्रियांच्या कामाला अशी बंदी नसते, त्यामुळे त्यांच्यासाठी वेळ काढणे हा व्यायामाइतकाच घरातील वाटणीचा प्रश्न आहे.

राहता राहिला विचारणाऱ्याचा शब्द. मराठीत 'दुखते' हे रूप रीतिवाचकही आहे आणि चालू क्षणाचेही. म्हणून 'दुखते का?' या प्रश्नाला जुन्या वेदनेच्या माणसाचे उत्तर नेहमीच 'हो' असणार. त्यापेक्षा 'मावशी, काल कुठवर चाललात?' असे विचारले तर उत्तरात एखादे ठिकाण येते, आणि ते पुढच्या आठवड्यात थोडे पुढे सरकू शकते.