पोरीला एम.सी.ए. करायचंय? दाखले आधी काढा!

शेतकरी बंधूंनो, हळद-सोयाबीनच्या पैशावर पोरगी बी.एस्सी. झाली, आता संगणकातच पुढे शिकायचं म्हणते. "एवढा पैसा आणायचा कुठून?" असं म्हणून तिला गप्प बसवू नका.

त्यासाठी पुणंच गाठावं लागतं असं नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. एम.सी.ए. पूर्वी तीन वर्षांचे होते. २०२० पासून ते दोन वर्षांचे झाले. म्हणजे एका वर्षाचा खर्च वाचला! प्रवेशाला राज्याची सीईटी मात्र द्यावी लागते.

२०२४-२५ पासून इतर मागास, आर्थिक दुर्बल व मराठा आरक्षणातील मुलींना, घरचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असल्यास, शासनाच्या प्रवेशफेरीतून एम.सी.ए.ला जागा मिळाली की शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

पण गाडी अडते ती दाखल्यापाशी. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी ही कामं एका दिवसात होत नाहीत. पेरणीआधी बियाणं आणता ना? तसेच निकालाआधी दाखले काढा.

आणि तलाठी भाऊसाहेब, तुमचा एक अहवाल वेळेत गेला, तर गावातली एक जागा वाचेल.