तोंडातली चामखीळ

तोंडात काही पांढरं उगवलं की नागपुरात पहिला संशय जातो खर्ऱ्यावर. त्यात नवल नाही. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, तरी सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून बनवलेला खर्रा विदर्भातल्या पानठेल्यांवरून हटला नाही. पण रुग्ण आठ वर्षांचा असेल आणि ओठाच्या आत फुलकोबीच्या तुऱ्यासारखा, न दुखणारा एक दाणा असेल, तर ‘मेडिकल’च्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयातले डॉक्टर आधी मुलाचे हात बघतील. बोटावर चामखीळ आहे का? नखं कुरतडलेली आहेत का?

हातावरची चामखीळ आणि तोंडातला तो दाणा ही एकाच विषाणू-घराण्याची करणी असू शकते. घराण्याचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. प्रकार २ आणि ४ बोटावरून तोंडात पोचतात. ६ आणि ११ मुळे तोंडात मऊ पॅपिलोमा होतो. १३ आणि ३२ मुळे ओठ-गालाच्या आत एकाच वेळी अनेक उंचवटे येतात. या विकाराला ‘हेकचा आजार’ म्हणतात आणि १९६५ मध्ये अमेरिकेतल्या आदिवासी मुलांमध्ये त्याची पहिली नोंद झाली. यातलं बहुतेक निरुपद्रवी असतं, काही तर आपोआप जातं. राहिलंच तर छोट्या शस्त्रक्रियेने काढून तपासणीला पाठवतात. यातले काही प्रकार लैंगिक संपर्कातूनही पसरतात, म्हणून मुलावर लैंगिक अत्याचार झाला नाही ना, हाही विचार डॉक्टरांना करावा लागतो. मात्र नुसती चामखीळ हा त्याचा पुरावा नव्हे.

खरी डोकेदुखी घशात असते. बाळंतपणात आईकडून आलेले ६ आणि ११ क्वचित स्वरयंत्रावर गाठी उठवतात. मुलाचा आवाज बसतो, श्वास घेताना घरघर होते आणि दमा समजून त्याचीच औषधं चालू राहतात. गाठी काढल्या तरी पुन्हा येतात, त्यामुळे काही मुलांवर कित्येकदा शस्त्रक्रिया होते. आठवडेच्या आठवडे आवाज बसलेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायलाच हवं.

यावर लस चालते. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींचं लसीकरण सुरू केलं. तिथे स्वरयंत्राच्या या आजाराचे २०१२ मध्ये सात नवे बालरुग्ण होते, २०१६ मध्ये एकच. आया सुरक्षित झाल्या, म्हणून बाळं वाचली.

या लसीच्या इतिहासात सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचंही नाव आहे. २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी १० ते १८ वर्षांच्या मुलींवर चाचणी सुरू झाली. त्यांत बार्शी, पुणे आणि मुंबई होती. एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वादळ उठलं आणि सरकारने सगळ्याच चाचण्यांतलं लसीकरण थांबवलं. हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की कर्करोगाला कारण ठरणाऱ्या प्रकार १६ आणि १८ च्या चिवट संसर्गापासून एक डोसही जवळपास दोन किंवा तीन डोसांइतकंच संरक्षण देतो. अपघाताने हाती आलेला इतका मोलाचा निष्कर्ष विरळाच.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ २०२३ मध्ये आली. ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर आहे, आणि ९ ते २६ वर्षांच्या मुलामुलींना, म्हणजे मुलग्यांनाही, देता येते. मुलग्यांचा उल्लेख मुद्दाम केला. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगामागे पाश्चात्त्य देशांत आता मुख्यतः प्रकार १६ आहे आणि त्याचे बहुसंख्य रुग्ण पुरुष आहेत.

आपल्याकडचा गाल-हिरड्यांचा कर्करोग मात्र प्रामुख्याने तंबाखू-सुपारीचा. त्यावर ही लस उतारा नाही. खर्रा खाणाऱ्या पोराचं तोंड आतून ताठर होत जातं, तिखट झोंबतं, जबडा उघडेनासा होतो. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का, हे घरी आरशासमोरही पाहता येतं. जात नसतील, तर दंतवैद्याकडे जायला वेळ लावू नये.